बिनक्लचच्या गाडीची परीक्षा

"तुमच्या डाव्या पायाला सांगून ठेवा," बायकोने निघताना बजावलं, "की आज त्याला सुट्टी आहे."

ग्रंथपालांनी मान डोलावली. ऑटोमॅटिक गाडी घरात येऊन थोडेच दिवस झाले होते. राखाडी रंगाची, चार दारांची, कुणीही वळून पाहू नये अशी साधीसुधी कुटुंबवत्सल गाडी. बायकोने ती एका दुपारात आत्मसात केली. ग्रंथपालांचा उजवा पाय हळूहळू शिकत होता, पण डावा पाय जुन्या गाडीच्या आठवणीत रमलेला. जरा वेग कमी करायची वेळ आली की तो क्लच शोधायला निघे, आणि क्लच नसल्यामुळे जे पायाखाली येई ते मनापासून दाबे. खाली यायचा तो ब्रेक. मग गाडीतली सगळी माणसं एकदम समोरच्या काचेला नमस्कार करीत.

एरवी हे चालून गेलं असतं. पण आज सासऱ्यांना डोळ्यांच्या दवाखान्यातून आणायचं होतं. ऑपरेशन झालं होतं आणि डोळा बरा होईपर्यंत त्यांनी एकटं राहू नये, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सासऱ्यांना स्वतःचं घर सोडायचं नव्हतं. लेकीने बरीच मनधरणी केली, शेवटी थोडी रडलीही, तेव्हा त्यांनी अट घातली.

"येतो तुझ्याकडे. पण जावईबुवांनी एकट्याने मला न्यायला यायचं. गाडी नीट चालवली तर राहीन. नाही तर तिथूनच माझ्या घरी सोडायचं."

सासरे आयुष्यभर वाहन परवान्यासाठी उमेदवारांच्या परीक्षा घेत आले होते. याच जावयाला त्यांनी ऐन तारुण्यात दोनदा नापास केलं होतं, आणि तिसऱ्या वेळी ते रजेवर होते म्हणून त्याला लायसन्स मिळालं होतं. पुढे लग्नाला मात्र त्यांनी एका दमात होकार दिला. त्यांचं मत एवढंच होतं की नवरा म्हणून माणूस बरा आहे, चाकामागे बसवू नये.

"बाबा परत गेले तर मीही त्यांच्याबरोबर जाऊन राहणार," बायकोने आधीच सांगून टाकलं होतं. "एकटं नाही सोडायची मी त्यांना. मग तुम्ही आणि तुमचा कुकर."

कुकरचं ग्रंथपालांना भय नव्हतं. दिवसभर शांततेची पाटी लावलेल्या खोलीत काढल्यावर संध्याकाळी बायकोची अखंड बडबड ऐकली नाही, तर त्यांना झोप लागत नसे. हे त्यांनी बायकोला कधी सांगितलं नव्हतं, पण होतं खरं.

दवाखान्यातून सासरे बाहेर आले ते एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यावर काळा चष्मा लावून. मागच्या सीटवर डाव्या बाजूला ते ताठ बसले आणि उरलेला डोळाही त्यांनी मिटून घेतला.

"बाबा, दिसतंय ना?"

"परीक्षकाला दिसावं लागत नाही. गाडी पाठीला कळते. चला."

पहिल्याच सिग्नलला डावा पाय जागा झाला. सासरे पुढे गेले, मागे आले आणि म्हणाले, "हं."

त्यांचं ते "हं" ग्रंथपालांच्या चांगलं ओळखीचं होतं. पूर्वी त्यानंतर लाल शाई येत असे. ते इतके धास्तावले की पुढच्या वळणावर दोन्ही पायांनी एकदम काम केलं. फळांच्या दुकानासमोर तर कारण नसतानाच गाडी थबकली, आणि मागचा स्कूटरवाला जाताजाता जे बोलला ते सासऱ्यांनी लक्षपूर्वक ऐकलं.

घराचं फाटक आलं तेव्हा सासरे म्हणाले, "आत गेलात तरी हरकत नाही, पण वळवण्यापुरतं. मला माझ्या घरी सोडा."

"बाबा, आलोच आहोत तर चहा..."

"वळवा."

वळायचं तर इमारतीला पूर्ण वळसा घालणं भाग होतं, कारण आवारातला रस्ता एकाच गाडीपुरता होता. उजवीकडे कुंपणाची भिंत, डावीकडे दुचाक्यांची रांग. ग्रंथपाल पडल्या चेहऱ्याने आत शिरले, तर कोपऱ्यावर कुणाची तरी सायकल आडवी पडलेली. त्यांनी गाडी थांबवली, जुन्या सवयीने गिअरचा दांडा मधोमध सरकवल्यासारखा केला आणि खाली उतरून दार अगदी हलकेच लावलं. दारं हलकेच लावणं त्यांच्या पेशातच होतं. जुन्या गाडीत दांडा मधोमध आला की न्यूट्रल असे, गाडी जागची हलत नसे. इथे मधोमध काय असतं, हे बायकोने समजावलं होतं तेव्हा ते मान डोलावत होते.

सायकल भिंतीला टेकवून ते वळले, तर गाडी त्यांच्याकडे येत होती. गिअर लागलेलाच होता, आणि बिनक्लचची गाडी ब्रेक सोडला की आपली आपण सरकते. घाई कसलीही नव्हती. आतल्या आत गुणगुणत, जेवणानंतर शतपावलीला निघाल्यासारखी ती येत होती, आणि मागच्या सीटवर सासरे डोळे मिटून बसले होते.

 ग्रंथपालांनी भिंतीला पाठ लावून गाडीला वाट दिली आणि उघड्या खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरलं. इथे भिंत इतकी जवळ आली होती की दार उघडणं शक्यच नव्हतं. चालता चालता त्यांनी दुसरा हात किल्लीपर्यंत पोचवला, आणि तेवढ्यात आतून आवाज आला.

"वा."

ग्रंथपालांचा हात किल्लीवरच थांबला.

"हे कसं जमलं आता?" सासरे म्हणाले. "निघाल्याचं कळलंसुद्धा नाही. असंच चालवा. काही म्हणजे काही बदलू नका."

ग्रंथपालांनी क्षणभर विचार केला आणि किल्लीवरचा हात काढून घेतला.

"बरं, बाबा," खिडकीत तोंड घालून ते म्हणाले आणि चालत राहिले.

पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. "अहो, गाडी बंद पडली का? ढकलायला पाठवू कुणाला?"

"नाही, चालवतोय."

"मग आत कोण आहे?"

"सासरे."

"कुणाशी बोलताय?" आतून दरडावणी आली. "चालवताना गप्पा नकोत. आता कुठे हाताला वळण लागतंय."

जिन्याशी बायको वाट पाहत उभी होती. आधी तिला गाडी दिसली, मग गाडीच्या बाहेर नवरा दिसला, आणि तिने तोंडावर पदर धरला. ग्रंथपालांनी मोकळ्या हाताने आधी सासऱ्यांकडे बोट दाखवलं, मग अंगठा वर केला, मग हात जोडले. संसार जुना होता, तिला सगळं समजलं. दुचाक्यांमधून वाट काढत ती गाडीच्या मागे आली, आणि बरं झालं आली. पुढे गतिरोधक होता, आणि त्याला टेकून गाडी थांबली होती. दोघांनी श्वास रोखून खांदा लावला. गाडी चढली, पलीकडे उतरली, आणि ग्रंथपाल पळत जाऊन पुन्हा खिडकीशी पोचले.

"इथे गतिरोधक होता ना?" सासऱ्यांनी विचारलं.

"होता, बाबा. गेला."

"गेला? मला लागला कसा नाही?"  सासरे म्हणाले, "अजून एक फेरी मारा. एकदा जमलं त्याला मी जमलं म्हणत नाही."

दुसऱ्या फेरीला गॅलऱ्या भरल्या होत्या. कुणी हसलं नाही, कारण बायको गाडीच्या मागून ओठांवर बोट ठेवून चालत होती. ग्रंथपालांचा शर्ट पाठीला चिकटला, हात खांद्यातून भरून आला. पण गतिरोधक मघापेक्षाही छान गेला. शेवटी पार्किंगच्या चढाला लागल्यावर गाडीचाच उत्साह संपला आणि ती आपसूक उभी राहिली. बायकोने डावीकडून पुढचं दार उघडलं, "आलात का बाबा!" असं मोठ्याने म्हणत दांडा जागेवर ढकलला आणि हँडब्रेक ओढला.

"ब्रेक लावलेला कळला नाही," सासरे पुटपुटले, आणि लेकीचा हात धरून मुकाट्याने घरात गेले.

संध्याकाळी बायको त्यांच्या डोळ्यात औषध घालत होती. ग्रंथपाल पाण्याचा पेला घेऊन दारात उभे होते. बाबांना परत त्यांच्या घरी सोडायचं का, हा प्रश्न अजून कुणी काढला नव्हता. विचारायची हिंमत दोघांतही नव्हती.

"चालवणारा पास," सासरे छताकडे तोंड करून म्हणाले.

बायकोच्या हातून थेंब डोळ्याऐवजी गालावर पडला.

"पण गाडीच्या बाजूने कुणी एक गृहस्थ चालत होते. दोन्ही फेऱ्यांना. काय ती धाप, काय ते पाय ओढणं! चढावर तर मला वाटलं, आता हे आपल्याला सोडून जाणार. त्यांना मात्र मी सपशेल नापास केलंय."

 ग्रंथपालांनी हातातलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

"मग बाबा," बायकोने कसंबसं विचारलं, "राहणार ना तुम्ही?"

"राहायला हवं," सासरे म्हणाले. "उद्या पहाटेपासून त्या गृहस्थांना माझ्याबरोबर फिरायला पाठव. त्यांचा दम सुधारेपर्यंत मी काही इथून हलत नाही."