नाकावर पडून पास

आमचे घरमालक गावंडे काका नवं पुस्तक आणलं का पहिले त्याचे चार तुकडे करते. वाचून झाल्यावर नाही, वाचायच्या आधी! ब्लेडनं कापते, हरेक तुकडा दोऱ्यानं शिवते, अन् मंगच बाजेवर आडवे होते. काहून? त काका उताणे पडून वाचते, मधातच डोळा लागते अन् पुस्तक नाकावर पडते. "अख्खी कादंबरी नाकावर झेलाले मी काय पहलवान हाय का गा?"

मी मौदा गावचा. शाळेत मास्तरायच्या नकला करून मार खाल्लेला. आता प्रताप नगरात काकाच्या वरच्या खोलीत राहतो अन् काकाची नक्कल करतो. काकू तोंडाले पदर लावून हसते. काका म्हणते, "आवाज जमला. नाक नाही जमलं."

रोज संध्याकाळी काका काकूले मोठ्यानं वाचून दाखवते. काकूले दुसरीतच शाळेतून काढलं होतं, वाचता येत नाही. लग्न झालं तवापासूनचा हा कार्यक्रम. पाहुणे आले त पाहुण्यायलेही बसून ऐका लागते.

मागच्या महिन्यात काकानं मले गच्चीवर बोलावलं. आवाज एकदम बारीक.

"डोळ्याचा पडदा खराब झाला म्हणते डॉक्टर. छापील अक्षर दिसत नाही मले. तीन महिन्यापासून पुस्तक नुसतं हातात धरतो अन् मनानंच सांगून राहिलो. काकूले कळलं त म्हणन, राहू द्या, डोळ्याले त्रास नका देऊ. मंग बंदच होईन सगळं. मोठं अक्षर दिसन असं यंत्र पाह्य ना गा."

माझा टॅब्लेट होताच. ऑफिसातल्या मॅडमचं ई-रीडर दोन दिवसासाठी मागून आणलं. काकू देवळात गेली तसा मी दुकानदाराच्या आवाजात सुरू झालो, "साहेब, टॅब्लेट घ्या! पुस्तक, पिक्चर, बातम्या, व्हिडिओ कॉल, सब एक में! ई-रीडरवर नुसतं पुस्तक, तेही काळंपांढरं!"

"जास्त नको बोलू. नाकावर घेऊन पाहू."

अन् खरंच काका अंगणात बाजेवर उताणे झाले. पहिले टॅब्लेट, वीतभर उंचीवरून. खट्!

"अगागागा! हे यंत्र नाही गा, पाटा हाय!"

डोळ्यातून पाणी. वरून उन्हात स्क्रीनचा आरसा झाला. अक्षर गायब, काकाले आपलं लाल नाक तेवढं दिसलं. तेवढ्यात माझ्या मायचा व्हिडिओ कॉल आला अन् काकाचं बोट लागून उचललाही गेला. माय तिकडून ओरडली, "अवं बाई! हा बुढा कोण होय?"

मंग ई-रीडर. टप्.

"सोड ना गा."

"सोडलं काका. नाकावरच हाय."

उन्हातही त्याचं अक्षर कागदावानी साफ. काका काकूले सध्या सांगत होते ते कोकणातली कादंबरीही त्यात भेटली. पानावर सात-आठ ओळी उरेपर्यंत मी अक्षर वाढवलं. काकाचे ओठ हलले. एक ओळ, दुसरी ओळ. असा लंबा श्वास सोडला का बाज करकरली.

दुसऱ्या दिवशी नवं ई-रीडर आणलं. काकूले काकानं सांगितलं, "पुस्तकं कापाचा कंटाळा आला."

संध्याकाळी मी खाली उतरलो त काकू दारातच उभी. हळूच म्हणे, "आता दिसते ना गा यायले?"

माझी नक्कलबिक्कल बंद. "तुम्हाले माहीत होतं?"

"कोकणातली बाई संत्र्याच्या बगीच्याले पाणी द्याले लागली, तवाच समजलं."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"बोलली असती त लाजले असते. वाचनं सोडलं असतं. अन् ऐकाले बरं वाटे गा. कोणाले मरूच देत नव्हते. त्या बाईचा नवरा बुडाला, त दोन दिवसानं पोहत परत आणला यायनं."

आतून हाक आली, "अवं, येते का?"

"आली, आली." काकूनं पदराले हात पुसले. "आता पुस्तकात ज्याले मराचं त्यानं मरावं. यायले दिसून राहिलं, बस."