पोटरी पारखणारे अंबादासभाऊ

आमच्या लोधीपुऱ्यात कोणी वाकून पाय धरले, की आशीर्वाद देण्याआधी तो माणूस अंबादासभाऊ तर नाही ना, हे बघून घ्यावं लागतं. ते नमस्कार करत नाहीत, पोटरी दाबून बघतात. त्यांच्या लेखी जगात दोनच तऱ्हेची माणसं: केळी आणि पऱ्हाटी. दिसायला जाडजूड पण आत नुसतं पाणी, ती केळी. कपाशीच्या काडीसारखी बारीक पण चिवट, ती पऱ्हाटी. "पळायले पऱ्हाटीच लागते भाऊ. वाकली की टणकन सुटली पायजे!" मी पहिल्याच भेटीत केळी ठरलो.

हे सगळं वेड लेकीपायी. पूनमला जन्मापासून दिसत नाही आणि ती शंभर मीटर धावते. अशा धावपटूच्या हाताशी दोरीनं बांधलेला एक जोडीदार लागतो, वाट सांभाळायला. ते काम भाऊंचं. पूनम जिल्ह्यात पहिली आली तेव्हा एका पुढाऱ्यानं तिचा सत्कार केला. न दिसणाऱ्या मुलीला भिंतीवरचं घड्याळ दिलं, त्यात स्वतःचा फोटो, वर जिद्दीवर लांबलचक भाषण. भाऊ वाकले. पुढाऱ्यानं कृपाळूपणे हात उचलला.

"केळी," भाऊ माइकजवळच म्हणाले.

यंदा राज्याच्या निवडीआधी मात्र पंचाईत झाली. पळताना दोरी ताणली जाऊ लागली. पूनम पुढे आणि भाऊ मागे, तिला ओढणारे. नवा जोडीदार शोधायचं ठरलं, तर भाऊंनी येईल त्याला नापास करायचा सपाटा लावला. डोईफोडिया गावचा रमेश पोलीसभरतीसाठी रोज धावणारा गडी, तोही म्हणे केळी! मी स्वतः त्याची पोटरी दाबून पाहिली. माझीच बोटं दुखली.

शेवटी पूनम खाली बसली आणि तिनं बापाचीच पोटरी चाचपली. मग हळूच म्हणाली, "पप्पा, मुझे जीतना है ना."

दुसऱ्याच दिवशी भाऊंनी रमेशला घरी बोलावून आणलं.

निवडीच्या दिवशी रमेशच्या हाताला दोरी त्यांनीच बांधली. गाठ सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. मग कडेला माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मोकळा हात कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. मला फार वाईट वाटलं.

पूनम सुटली आणि पहिली आली. टाळ्या थांबल्या तरी भाऊ तिकडेच बघत होते. डोळे वाहत होते.

"झाली की निवड!" मी म्हणालो.

"ते तर होनारच होतं," ते म्हणाले. "इतके वर्षं संगं पळालो, पन माही नजर वाटेवर. पोरगी पळताना कशी दिसते, ते मी आज पाह्यलं, भाऊ."