तुझा आवाज कसा हाय गा?

तुमचा आवाज कसा आहे, हे तुम्हाला आजवर कुणी विचारलं आहे का? नाव विचारतात, गाव विचारतात, आडनाव तर फारच चौकसपणे विचारतात. आवाज कोण विचारतो?

आमच्या वस्तीतले डोमाकाका विचारतात. नवा माणूस गल्लीत शिरला की ओट्यावरून त्यांची आरोळी येते, "तुझा आवाज कसा हाय गा?" ती आरोळी तीन गल्ल्यांपलीकडे जाते, कारण काकांना हळू बोलता येत नाही. सत्तावीस वर्षं मिलच्या विणाई खात्यात माग चालवून त्यांचे दोन्ही कान गेले.

नव्या पोस्टमनने या प्रश्नाला "साधा आहे" असं उत्तर दिलं, तेव्हा काका उखडले. "साधा तर भात राहते. नीट सांग." भाजीवाली मात्र हसत म्हणाली, माझा आवाज फाटक्या कनातीसारखा आहे. काका इतके खूश झाले की त्या दिवसापासून वांगी फक्त तिच्याकडून. शेजारच्या घरी मुलीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा काकांनी नवरदेवालाही तेच विचारलं. तो गांगरला. त्याच्या आईने सांगितलं, चांगला आहे की. काका म्हणाले, "मायले नोका विचारू. पोरीले विचारा, तिले जलमभर ऐका लागते." पोरगी दारामागे हसली म्हणतात. लग्न जमलं.

मला मात्र त्यांनी हा प्रश्न कधीच विचारला नाही. मी त्याचा अर्थ असा लावला की माझा आवाज अख्ख्या वस्तीला ठाऊक आहे, विचारायचं काय? मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. शोषणाविरुद्ध पत्रकं लिहायचो, सायक्लोस्टाइल करून मिलच्या फाटकावर वाटायचो. 'या बहिऱ्या सरकारचे कान उघडा' हे माझं लाडकं वाक्य. दर पत्रकात असायचंच.

चौकातल्या आमच्या सभेला काका सर्वांच्या आधी यायचे आणि अगदी पुढे, माझ्या तोंडासमोर बसायचे. मी बोलू लागलो की माझ्या ओठांवर नजर रोखून प्रत्येक वाक्य ते पुन्हा म्हणायचे. त्यांना वाटायचं, आपण मनातच म्हणतो आहोत. मी "कामगार बंधूंनो" म्हटलं की खालून त्याहून मोठ्यांदा "कामगार बंधूंनो" यायचं. माझं भाषण दोनदा व्हायचं, आणि लोक दुसऱ्याला टाळ्या द्यायचे.

एकदा विणाई कामगारांच्या हालअपेष्टांवर सभा ठेवली. मुंबईहून एक पुढारी येणार होते. काका नेहमीच्या जागी पंचा अंथरून बसले. मी माईकवर हात ठेवला आणि शेजारी बसलेल्या रमेशच्या कानाशी पुटपुटलो, "त्या बहिऱ्याले मागं बसव. पाहुण्यासमोर तमाशा नोको."

रमेश उठायच्या आत काका उठले. पंचा झटकला, खांद्यावर टाकला आणि पार मागे, पानठेल्याच्या आड जाऊन बसले. तिथून माझं तोंड दिसणं शक्य नव्हतं. त्या दिवशी माझं भाषण एकदाच झालं.

सभा संपल्यावर मी रमेशला म्हटलं, बरं झालं, तू त्यांना नीट समजावलंस.

"म्या कुठं समजावलं? म्या तं जागचा उठलोच नाई. तुनंच सांगतलं त्याहिले. बोलताना त्याहिच्याकडंच पाहून राहिला होता."

मागांच्या खडखडाटात शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही, म्हणून विणाई खात्यातला माणूस ओठ वाचून बोलतो, पाच ओळी पलीकडच्या मागावरचंही वाचतो. हे मला माहीत होतं. त्याच सभेच्या पत्रकात मीच ते छापलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यासमोर उभा राहिलो. मान वर होईना. जमिनीकडे पाहत बोलत राहिलो.

"मान वर कर," काका गरजले. "खाली पाहून माफी मागून राहिला, तं मले दिसन कशी?"

अख्खी गल्ली पाहत होती. मी मान वर केली आणि पहिल्यापासून पुन्हा म्हटलं.

काका म्हणाले, "सगळे तोंडातल्या तोंडात बोलते. तुझं तोंड साफ हाय. अक्षर अक्षर दिसते." मग म्हणाले, "कालचंही दिसलं."

मग विचारायचं म्हणून विचारलं, सगळ्यांना आवाज विचारता, मला कधी का नाही विचारलात?

ते म्हणाले, नुसते ओठ हलले तर माणूस फोटोसारखा वाटतो, म्हणून ते ज्याचा त्याचा आवाज विचारून घेतात आणि मनात त्याच्या ओठांवर बसवतात. "तुले काहून विचारू? तुले म्या किसनाचा देल्ला."

किसन म्हणजे माझा बाप. यांच्या शेजारचा माग चालवायचा. मी तीन वर्षांचा असताना तो गेला, तेव्हा काकांना थोडंफार ऐकू येत होतं. म्हणजे माझी सगळी भाषणं त्यांनी माझ्या बापाच्या आवाजात ऐकली होती. आणि 'त्या बहिऱ्याले मागं बसव' हेसुद्धा.

ज्या आवाजात मी त्यांना उठवलं, तो आवाज मला स्वतःला आठवत नव्हता. मी विचारलं, "काका, कसा होता त्याचा आवाज?"

काकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "पाळी सुटली का तो माझ्या मागापाशी येऊन म्हणे," ते म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. थोडा बसका, शेवटी किंचित वर जाणारा आवाज होता.

"चाल गा डोमा, घरी."

मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी पुन्हा म्हटलं.

पत्रकातलं ते लाडकं वाक्य मी आता लिहीत नाही. सरकारला दुसरी विशेषणं पुष्कळ आहेत. सभेत पुढची जागा रिकामी ठेवतो, पण काका आता दुसऱ्या रांगेत बसतात आणि ओठ घट्ट मिटून घेतात.

म्हणून एक मागणं आहे. कधी आमच्या गल्लीत आलात आणि ओट्यावरून तो प्रश्न आला, तर हसू नका, ओरडूनही बोलू नका. उजेडाकडे तोंड करा, मान वर ठेवा आणि सांगा. सांगता येत नसेल, तर आज घरी कुणाला तरी विचारा, मग या.