वनमाला संथ रांगेत

गणपतीत आमच्या मराठी मंडळाच्या वादविवाद स्पर्धेत नाव द्यायचं, एवढंच मी ठरवलं होतं. (दरवर्षी मी तिथे खुर्च्या लावतो. पंचावन्नाव्या वर्षी माणसाला खुर्च्या सोडून कधीतरी माइक धरावासा वाटणारच ना?) विषय होता, 'इंटरनेट कंपन्यांना मोकळं सोडावं, की सगळ्यांना सारखाच वेग द्यायचं बंधन त्यांच्यावर असावं?' चिठ्ठी उचलली आणि माझ्या वाट्याला 'मोकळं सोडावं' आलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एकदा चिठ्ठी निघाली, की आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना ते मत खापरपणजोबांपासून आपल्या घरात चालत आलंय असं वाटू लागतं.

"नुसतं भाषण पाठ करून काय होतं?" मी घरात जाहीर केलं. "प्रत्यक्ष प्रयोग पाहिजे. आजपासून या घरातली इंटरनेट कंपनी मी. राउटर माझा, मर्जी माझी."

आमच्या वाय-फायवर माझ्याखेरीज तीन गिऱ्हाइकं. बायको वनमाला, कॉलेजात जाणारा मुलगा ध्रुव आणि खालच्या मजल्यावरच्या शांताताई. शांताताई वर्षभर आमच्याच नेटवर कीर्तनं ऐकतात. ध्रुवनं राउटरच्या सेटिंगचं पान उघडून दिलं.

"बाबा, ज्याला स्लो करायचंय त्याला इथे सिलेक्ट करा, बस. लेकिन सोच लो हं."

त्यात सोचायचं काय? मी त्या पानाला नवा पासवर्ड टाकला, कुणाला म्हणून सांगितला नाही, आणि कंपनी सुरू केली. ध्रुव रोज सकाळी दूध आणायला तयार झाला, त्याला वेगवान रांग मिळाली. शांताताईंनी दुसऱ्याच दिवशी दौलतगंजच्या बाजारातून गरमागरम बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणून दिली, त्यांचे कीर्तनकार न अडखळता बोलायला लागले. मुद्दा सिद्ध होत होता! मी बेडई खाता खाता भाषणात दोन वाक्यं वाढवली.

राहिली वनमाला.

"तू काय देणार?" मी विचारलं.

"तीस वर्षं वरणभात देतेय. आणखी काय हवं?"

"ते जुन्या करारातलं झालं. कंपनीशी नव्यानं बोलावं लागेल."

"अहो, नळाचं पाणी भांडं बघून येतं का? हंड्याला धार आणि लोट्याला थेंब, असं असतं का कुठे? सगळ्यांना सारखं सोडा, नाहीतर माझा नाद सोडा."

मी तिच्या लॅपटॉपला आणि फोनला संथ रांगेत टाकलं. (दोन दिवसांत येईल विनवण्या करत, असा माझा अंदाज. लग्नाला तीस वर्षं झाली तरी मी असले अंदाज बांधतो.) आठ दिवस झाले. तिनं नेटचं नाव काढलं नाही, आणि माझंही. ताट मात्र वेळेवर समोर यायचं, त्यामुळे मला वाटलं, सगळं ठीक चाललंय.

रविवारी सकाळी मी बनियनवर आरशासमोर भाषणाचा सराव करत होतो. 'मोकळं सोडा!' म्हणून हात उंच केला, तोच ध्रुव धावत आला.

"बाबा! आईचा इंटरव्ह्यू अटक गया!"

"कसला इंटरव्ह्यू?"

"अरे बाबा! इंदूरची संस्था, ऑनलाइन गाणं शिकवायचं! आईनं पंधरा दिवस आधी तुम्हाला बताया था!"

सांगितलं असेल. मी तेव्हा भाषणात टाळ्या कुठे पडतील त्या जागा शोधत होतो.

वनमाला गाते. लग्नाआधी बारा वर्षं गुरूंकडे बसून शिकली, मग आमच्या घरी आली आणि तिचं गाणं फोडणीच्या वासात राहिलं. मी कधी नको म्हटलं नाही. कधी गा म्हणूनही म्हटलं नाही.

बाहेरच्या खोलीत ती ठेवणीतली चंदेरी नेसून लॅपटॉपसमोर बसली होती. पडद्यावरच्या बाईंचं तोंड अर्धवट उघडं राहून थिजलं होतं आणि आवाज तुकड्यातुकड्यांनी येत होता.

"वनमालाजी, आपकी तान... आधी कहीं रह जाती है. दस मिनट देखते हैं, नहीं तो... अगले कैंडिडेट को..."

वनमालानं मान वर केली नाही. मांडीवर ठेवलेली तिची बोटं मात्रा मोजत होती. ते बघितलं आणि मी फोन हातात घेतला.

मी राउटरच्या पानावर पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा टाकला. चुकला! तिसऱ्यांदा चुकल्यावर ते पान बंदच पडलं. (कुणाला सांगायचा नाही म्हणून मी तो कुठे लिहूनही ठेवला नव्हता. अशी कडेकोट कंपनी.)

"आता अर्धा तास खुलणार नाही," ध्रुव म्हणाला. "वायर! वायरनं सीधा लॅपटॉप जोडला तर तुमची लिस्ट लागू नाही होत."

वायर सापडली. पण तिची खिट्टी तुटलेली. हात काढला की टोक निसटायचं.

"कुणीतरी पकडून बसावं लागेल," ध्रुव म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी तसाच बनियनवर वनमालाच्या मागे भिंतीजवळ उकिडवा बसलो आणि राउटरमध्ये वायर दाबून धरली. पडद्यावरच्या बाई एकदम हलायला लागल्या. वनमालानं डोळे मिटले, सा लावला.

राग कोणता ते मला विचारू नका. पण तो आवाज मी तीस वर्षं शेजारच्या खोलीतून ऐकत होतो आणि दार लोटून पेपर वाचत होतो, हे मला तिथे वायर धरून बसल्यावर कळलं. पाय बधिर झाले, डोळे भरून आले, आणि पुसावेत तर वायर निसटण्याची भीती. मेल्यासारखं झालं हो.

गाणं संपलं.

"वनमालाजी, आप अगले सोमवार से ही बच्चों को ले लीजिए," बाई म्हणाल्या. मग जरा पुढे वाकल्या. "और वो पीछे बनियान में कौन बैठे हैं?"

मी मोकळ्या हातानं केस सारखे केले आणि यजमानाला शोभेल असं हसलो.

"नेटवाले हैं," वनमाला म्हणाली.

"इतवार को आ गए? और पूरे वक्त हिले तक नहीं! हमारे यहाँ तो चार दिन फ़ोन करो तब कोई झाँकता है. इन्हें इंदौर भेज सकेंगी?"

वनमालानं मागे वळून आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"ले जाइए," ती म्हणाली. "लौटाने की कोई जल्दी नहीं है."