भाडेकरू हरिबा तात्या

स्वतःच्या घरात शिरताना परवानगी मागणारा माणूस आमच्या अणदुरात एकच, हरिबा तात्या. रोज दिवेलागणीला उंबऱ्याबाहेर वहाणा काढायच्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचं, "मालकीण, येऊ का आत? भाडेकरू आलाय!"

आत त्यांची बायको कौसाबाई भाकरी थापत असायची. ती तव्यावरची भाकरी उलटायची. मी अंगणवाडीत शिकवते, राहते त्यांच्या समोरच. माझं मात्र रोज डोकं उठायचं.

झालं होतं असं, की त्यांना सरकारी घरकुल मिळालं, पण बायकोच्या नावावर. भिंतीवर पेंटरनं 'लाभार्थी' म्हणून कौसाबाईचं नाव रंगवलं, तसा तात्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "सरकारला अक्कल न्हाय, बाई! गडी जित्ता असताना घर बाईच्या नावावर? लई शहाणं सरकार!"

बांधकाम चाललं होतं तेव्हा हा बाबा पारावर तंबाखू मळत बसायचा. भिंतींवर पाणी मारलं कौसाबाईनं. इंजिनिअर फोटो काढायला आला की पदर सावरून उन्हात उभी राहिली तीच. तात्यांना बोलावलं तर म्हणाले, "भाडेकरूचा कशाला फोटू?" नळ गळतोय? मालकीण बघंल. कडी निखळली? मालकिणीला सांगा. आळशीपणाला इतकं भक्कम कारण सरकारनं दुसऱ्या कुणाला दिलं नसेल. मला तर हा माणूस डोळ्यांपुढं नको व्हायचा.

यंदा उन्हाळ्यात त्यांची लेक सुनंदा नवऱ्याचा मार खाऊन, एक पिशवी घेऊन कायमची माहेरी आली. तिच्या मागोमाग पुण्याहून तिचा भाऊ आला, तावातावानं.

"हिला आजच्या आज परत घालवा! लोक तोंडात शेण घालतेत. आबा, तुम्ही सांगा हिला. कागदावर नाव कुणाचं का असंना, घरचे मालक तुम्ही!"

सगळी गल्ली दारात जमली. सुनंदा पिशवी छातीशी धरून भिंतीला टेकली होती. तात्या तंबाखू थुंकले.

"म्या? माझा काय संबंध? म्या भाडेकरू. मालकिणीला इचार."

असा संताप आला मला! पोरीच्या जिवावर बेतलंय आणि ह्या मेल्याला थट्टा सुचतेय!

पण पोरगा खरंच आईकडं वळला. आईला काही विचारायची त्याची बहुधा पहिलीच वेळ. कौसाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"पोरगी इथंच राहील," ती म्हणाली. "तुला पटत नसंल तर सोलापूरची यष्टी हाय फाट्यावर."

पोरगा पाय आपटत गेला.

दुसऱ्या दिवशी तात्यांना पारावर गाठून मी म्हणाले, "तात्या, सरकारनं बायकोचं नाव लावलं ते बरंच झालं की हो."

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "सरकारला काय ठाव, बाई, आमच्या घरातलं? म्याच ग्रामसेवकाच्या हातापाया पडून तिचं नाव लावून घेतलं."

"आणि वर रोज बोंबलत होता?"

"घर आईचं हाय, हे पोराच्या कानावर जायला पायजे हुतं." त्यांनी तंबाखूची डबी उघडली, पण तंबाखू मळली नाही. "जावई कसा हाय ते म्या लग्नाच्या वर्षीच वळखलं. पोरगी येणार हे ठाव हुतं. घर माझ्या नावावर असतं, तर काल म्या पोराम्होरं वाकलो असतो, बाई. जन्मभर वाकतच आलो म्या. ही न्हाय वाकत."