घाडगेभाऊंचा सब

वरच्या मजल्यावरच्या घाडगेभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते हॉलमध्ये रांगत होते. आमच्या मांडणीतल्या ताटल्या थरथरतात म्हणून मी तक्रार करायला गेलो होतो. दार उघडंच होतं. सोफ्यावर पाहुण्यासारखी एक काळी पेटी बसवलेली, आणि चाकणच्या कंपनीतला हा पन्नाशीचा सुपरवायझर भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर चाललेला, कान जमिनीशी.

"या भाऊ, वाका तुमीबी," ते म्हणाले. "खर्ज कुठं साफ येतोय ते हुडकतोय. जिथं साफ, तिथं सब ठिवायचा."

सब म्हणजे सबवूफर. मोठ्या दोन स्पीकरना न पेलणारा खालचा, जाड आवाज तेवढा ती पेटी काढते. तक्रार राहिली बाजूला, मीही वाकलो. बायको मला शोधत वर आली, तेव्हा तिला टीव्हीच्या टेबलामागून फक्त आमचे पाय दिसले.

"सब येगळा ऐकू आला, की चुकला," असं भाऊ म्हणायचे. ढोलकीचा घुमारा गायकाच्या शेजारून यावा, कोपऱ्यातल्या पेटीतून नाही. त्यासाठी कंपनीच्या बसमधून उतरले, की चहाच्या आधी पेटी वीतभर सरकवायची. निघोज्याच्या एका वरातीत त्यांनी डीजेवाल्यालाही गाठलं. "भावा, तुझा सब फुटून पडलाय बघ." वरातीतल्या पोरांना वाटलं काका रंगात आलेत. त्यांनी भाऊंना खांद्यावर घेऊन नाचवलं.

विमलवहिनी मात्र अबोल. त्यांची उमेदीची वर्षं कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या धडधडाटात गेली होती. गाणं लागलं, की त्या येऊन पेटीला पाठ टेकून खाली बसायच्या. भाऊ वैतागायचे, त्यांना हात धरून उठवायचे. "अगं, तिथनं काय कळणार? हितं मधी बस." वहिनी "हां हां" म्हणायच्या, जरा वेळ सोफ्यावर बसायच्या आणि स्वयंपाकघरात निघून जायच्या. भाऊ मला म्हणायचे, "तिला गाण्याचं वेडच न्हाई."

एका रविवारी सकाळी त्यांनी आम्हा नवराबायकोला वर बोलावलं. "जमलं राव!" पेटी आता कपाटाजवळ गेली होती, तिचा आवाज बराच उतरवला होता. गाणं लागलं आणि खरंच सांगतो, पेटी खोलीत असल्याचं विसरायला झालं. बाई समोर उभी राहून गात होती, ढोलकी तिच्या बाजूला. भाऊंनी डोळे मिटले होते.

वहिनी चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवला, पेटीवर तळहात टेकवला. मग भिंतीवरचं बटण बघितलं.

"आवं, बंद हाय व्हय?" त्यांनी विचारलं.

गाणं भर रंगात होतं. मी हसणार होतो, पण भाऊंच्या तोंडाकडे बघून थांबलो.

त्याच आठवड्यात ते वहिनींना दवाखान्यात घेऊन गेले. कान बहुतेक गेलेलेच निघाले. यंत्राचाही फारसा उपयोग होणार नव्हता. जिन्यात भेटले तेव्हा भाऊ कठड्याला धरून उभे होते.

"तोंडाकडं बघून समदं वळखायची. मला कळलंच न्हाई. गाण्यातलं तिला तेवढंच पोचत हुतं, पाठीतनं. आन मी तिला उठवायचो हो तिथनं."



पुढच्या रविवारी आमच्या ताटल्या पुन्हा वाजायला लागल्या. बायकोने मला वर पाठवलं. दार उघडंच होतं. आवाज असा बेसूर, असा बोजड, की पूर्वीचे भाऊ दोन मिनिटंही थांबले नसते. वहिनी पेटीला टेकून बसल्या होत्या. भाऊ त्यांच्यासमोर मांडी घालून, ओठ मोठे हलवत, गाण्याची एकेक ओळ सांगत होते.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "ही परत सांगा."

भाऊंनी गाणं मागे नेलं. मी दार हळूच लोटून घेतलं आणि खाली येऊन मांडणीतल्या ताटल्या उतरवून ठेवल्या.