लिफ्टमधली खुर्ची

लिफ्टमध्ये खुर्ची टाकून बसणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? लिफ्टमन नव्हे. लिफ्टमनला पगार असतो आणि तो कामापुरतं बोलतो. आमचे आण्णा आपल्या हौसेनं बसत आणि कामापेक्षा पुष्कळच जास्त बोलत. सकाळी आंघोळ-पूजा उरकली की घडीची लोखंडी खुर्ची काखेत मारून ते सातव्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरत, मागचा कोपरा धरत आणि आमच्याबरोबर खाली-वर करत राहत. आत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "कुठं निघाला?"

अहो, लिफ्टमध्ये शिरलेला माणूस कुठं निघणार? "वर न्हाईतर खाली, तिसरा रस्ता हायच कुठं?" हे उत्तरही तेच देत आणि मग खरी चौकशी सुरू होई.

सांगलीत रिक्षावाल्याला नुसतं 'सातमजली' म्हटलं की तो आमच्या दारात आणून सोडायचा. सरकारनं बांधलेली, सोडतीत घरं मिळालेली ही इमारत. ती उभी राहिली तेव्हा आजूबाजूला शेतं होती आणि गावातली माणसं रविवारी पोराबाळांना घेऊन फक्त लिफ्टमध्ये बसायला येत. आण्णा मूळचे इस्लामपूरकडचे. घरचा ऊस भावानं बघितला, आण्णा सैन्यात गेले आणि सुभेदार होऊन परत आले. गावाकडं पारावर बसलं की सगळं गाव समोरून जातं. सातव्या मजल्यावरच्या दारावरून कोण जाणार? म्हणून आण्णांनी पारच लिफ्टमध्ये आणला, असं आम्हा सगळ्यांचं मत होतं.

मी शाळेत शिक्षिका, राहायला पाचव्या मजल्यावर. एकदा मंडईतून दमून आले, तर आण्णा म्हणाले, "बाई, पिशवीत काय हाय?"

"वांगी."

त्यांनी एक काढलं, देठाजवळ बघितलं आणि तळमजल्याचं बटण दाबलं. "किडकं हाय. परत देऊन या जावा." माझा मजला समोर आला आणि दार उघडायच्या आतच लिफ्ट परत खाली निघाली. मला असा राग आला होता म्हणता! पण वांगी खरंच किडकी निघाली, आणि मी परत मंडईत गेले.

सहाव्या मजल्यावरच्या मुलीला बघायला मिरजेची मंडळी आली, तेव्हा तर कमाल झाली. नवरा मुलगा, त्याची आई आणि मामा लिफ्टमध्ये शिरले. आण्णांनी मुलाला विचारलं, "शिक्षान काय?" उत्तर आईनं दिलं. "नोकरी कुठं?" आईच बोलली. "च्या घेता का कॉफी?" तेही आईनंच सांगितलं. आण्णांनी मंडळींना सहाव्यावर उतरूच दिलं नाही, सातव्यापर्यंत नेऊन परत तळमजल्यावर आणलं आणि दार उघडून म्हणाले, "घरी जावा. पोराला बोलाय शिकवा, मग या." मुलीचे वडील महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हते. मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी गुपचूप पेढे देऊन गेली.

लिफ्टमध्ये 'सहा माणसे' अशी पाटी होती. त्या सहांत एक कायम आण्णा. सकाळच्या घाईत कुणीतरी खाली राहायचं आणि चडफडायचं. शेवटी सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला : लिफ्टमध्ये खुर्ची नको. आण्णा उभे राहिले, "ठराव मंजूर" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची घेऊन हजर.

याहून चीड यायची ती दुसऱ्या गोष्टीची. आण्णा लिफ्टमध्ये बसून राहत आणि काकी, म्हणजे त्यांची बायको, सात मजले जिन्यानं चढत. गुडघे धरत, प्रत्येक मजल्यावर पायरीवर टेकत. नवरा लिफ्टचा मालक आणि बायको जिन्यावर, असं आम्ही बायका बोलायचो. मीही बोलायचे.

मग एका उन्हाळ्यात भर दुपारी वीज गेली. लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये थांबली. आत मी आणि आण्णा. अंधारगुडुप. मी किंचाळलेच. आण्णांनी शांतपणे खिशातली बॅटरी लावली, मला खुर्चीवर बसवलं, स्वतः खाली मांडी घातली आणि दुसऱ्या खिशातून शेंगदाणे आणि गुळाचा खडा काढला. "खावा. तोंड हालत ऱ्हायलं की भ्या वाटत न्हाई."

"तुम्हाला नाही वाटत भीती?"

"मला कशाची? तुमची काकी अडकली हुती अशीच. बिल्डिंग नवी, वरली घरं सारी रिकामी. मी तिकडं सरहद्दीवर. वरडून वरडून आवाज बसला हिचा, कुणाला ऐकू गेलं न्हाई. तवापासनं आत पाय ठेवत न्हाई."

 आण्णा पुढं म्हणाले, "अडकलं तर सोबतीला मानूस असावं बाई. आन् हिला कवातरी वाटलंच यावं असं, तर म्या आत असाय नगो? एकडाव हिला संगं घिऊन वर जायाचं हाय मला. दुसरं काय न्हाई."

त्या दिवसापासून मी संध्याकाळी मुद्दाम बघू लागले. काकी देवळातून आल्या की आण्णा खाली दार धरून उभे राहत. "येतीस का?"

"आवं, सोडा दार. लोक खोळंबल्यात."

मग काकींची पिशवी आण्णांबरोबर लिफ्टनं जाई, काकी जिन्यानं. वर दार उघडून आण्णा त्यांची वाट बघत उभे. हे रोज, आणि कितीतरी वर्षं.

पुढं महापुरात पाणी आत शिरलं. आजूबाजूच्या बैठ्या घरांतली माणसं आमच्या वरच्या मजल्यांवर राहून गेली. पाणी ओसरलं, पण खांबांना भेगा दिसू लागल्या. तपासणी झाली, इमारत धोकादायक ठरली आणि आम्ही सगळे पांगलो. आण्णा-काकी जवळच एका तळमजल्यावरच्या खोलीत गेले. काकींचे गुडघे जिन्यातून सुटले. आण्णांना मात्र करमेना. ते रोज खुर्ची घेऊन पाडकाम बघायला पत्र्याच्या कुंपणाशी येऊन बसत. एकदा मला म्हणाले, "ऱ्हायलंच बाई आमचं."

मी एका रविवारी गेले, तेव्हा वरचे तीन मजले उतरले होते. सातवा तर नुसतं आभाळ. पाडकामाला सुट्टी होती, आणि फाटकाजवळच्या लिंबाखाली आमची लिफ्ट उभी होती, भंगारवाल्याची वाट बघत. दोर तुटलेले, आरसा फुटलेला, पाटी तेवढी शाबूत. आण्णा दार धरून उभे होते आणि समोर काकी.

"येतीस का?"

काकींनी लिफ्टकडं बघितलं, खालच्या जमिनीकडं बघितलं. मग पदर सावरला आणि आत गेल्या. आण्णांनी खुर्ची मांडली, त्यांना बसवलं, जाळीचं दार ओढलं. सातचं बटण दाबलेलं मला जाळीतून दिसलं. काकींनी डोळे गच्च मिटून त्यांची बाही धरली होती.

"पैला," आण्णा म्हणाले. थोडं थांबले. "दुसरा." लिफ्टला जेवढा वेळ लागायचा तेवढाच ते घेत होते. चौथ्यानंतर पाचवा, माझा मजला, आला आणि मला रडू आवरेना.

"सातवा. पाय जपून टाक."

दार उघडलं. काकी चिखलात उतरल्या, वळून त्या खोक्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "एवढंच व्हय? आवं, मग मला बळंच वडून का न्हाई न्हेलं कवा?"

 आण्णांनी खुर्चीची घडी केली, काकींच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं रस्त्याला लागले. मी मागून विचारलं, "आण्णा, कुठं निघाला?"

"घरी," ते म्हणाले, "हिच्यासंगं."